दीड माणसाचा हिशेब : ‘महावंसा’तील एका प्रसंगाचा विचार

१

आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या असलेल्या सिंहलद्वीपाला प्राचीन इतिहासाच्या बाबतीत एक दुर्मीळ भाग्य लाभले आहे. राजांची नावे, त्यांचा क्रम, त्यांच्या राज्यकालाची वर्षे, त्यांनी बांधलेले विहार, स्तूप आणि तलाव यांची सलग नोंद ठेवणारा ग्रंथ तेथे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच रचला गेला. तो ग्रंथ म्हणजे पाली भाषेतील ‘महावंस’. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी कल्हणाची ‘राजतरंगिणी’ बाराव्या शतकातली. आणि तीही मुख्यतः एका काश्मीरपुरती.

मराठी वाचकाला हा ग्रंथ अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या जिज्ञासेने १९०२ साली लंकेला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांच्यापाशी पाली शिकू लागले. त्याच सुमंगलाचार्यांनी बटुवन्तुडावे पंडितांच्या सहकार्याने १८७७ पासून ‘महावंस’ छापून प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. पुढे सयाजीराव महाराजांनी कोसंबींना दरमहा पन्नास रुपयांचे वेतन देऊन महाराष्ट्रात पाली विद्येचे पुनरुज्जीवन करण्यास साहाय्य केले, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडील पाली अध्ययनाची एक मुळी अशी थेट त्या द्वीपात जाऊन पोहोचते.

संपूर्ण ‘महावंसा’चे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही. त्याच्या पंचविसाव्या परिच्छेदाच्या अखेरीस एक छोटा प्रसंग आहे. युद्ध जिंकलेल्या राजाला मारलेल्या माणसांची आठवण होऊन आनंद वाटत नाही, आणि त्याचे सांत्वन करायला आलेले अर्हत त्याला सांगतात, की तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला. हा प्रसंग कसा वाचावा, हाच या लेखाचा प्रश्न आहे. इतिहास आणि काव्य एकाच ग्रंथात नांदत असतील, तर अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे कोणाचा शब्द अखेरचा मानावा, हा त्यामागचा मोठा प्रश्न होय.

२

प्रसंगाकडे वळण्यापूर्वी ग्रंथाची पत पाहून घेतली पाहिजे. ‘महावंसा’पूर्वी ‘दीपवंस’ हा त्याच विषयावरील ग्रंथ चौथ्या शतकाच्या सुमारास तयार झाला होता. त्याची रचना विस्कळीत आहे, भाषा अडखळते, एकच गोष्ट दोनदा, तीनदा येते. जुन्या सिंहली अट्ठकथांतील सामग्री त्यात गोळा झाली आहे, पण तिच्यावर कोणा एका कवीचा हात फिरलेला नाही. पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी महानाम नावाच्या थेराने तीच सामग्री घेऊन ‘महावंस’ रचला. जुन्या ग्रंथात कोठे अतिविस्तार, कोठे अतिसंक्षेप आणि पुनरुक्ती हे दोष होते, ते टाळून आपण लिहीत आहोत, असे तो आरंभीच बजावतो. सज्जनांच्या मनात प्रसाद आणि संवेग उत्पन्न व्हावा एवढ्यासाठी हा ग्रंथ केला, असे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तो पुन्हा पुन्हा सांगतो. हे प्रयोजन लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रसाद म्हणजे श्रद्धेतून आलेली प्रसन्नता. संवेग म्हणजे अंतःकरणाला बसलेला हादरा. ही दोन्ही प्रयोजने कवीची आहेत, कारकुनाची नव्हेत.

तरीही या कवीने सांभाळलेला कच्चा माल अस्सल असल्याचे अनेकदा सिद्ध झाले आहे. जॉर्ज टर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३७ मध्ये ‘महावंस’ भाषांतरासह प्रसिद्ध केला. शिलालेखांतील ‘पियदसि’ म्हणजेच अशोक, ही उकल त्याच वर्षी ‘दीपवंसा’तील उल्लेखावरून त्यानेच केली, आणि प्रिन्सेपने वाचलेल्या ब्राह्मी लेखांना धनी मिळाला. तिसऱ्या संगीतीनंतर हिमालयाकडे पाठवलेल्या मज्झिम, कस्सपगोत्त इत्यादी थेरांची नावे वंसग्रंथांत आहेत. सांची परिसरातील स्तूपांतून कनिंगहॅमला १८५१ मध्ये अस्थींच्या करंड्या मिळाल्या, तेव्हा तीच नावे त्यांवर कोरलेली आढळली. याच यादीत ‘महारट्ठ’ देशी महाधम्मरक्खित आणि ‘अपरान्तक’ देशी योनक धम्मरक्खित गेल्याचे म्हटले आहे, हे आपल्या दृष्टीने विशेष होय.

परंतु जसजसे मागे जावे तसतशी जमीन भुसभुशीत होते. बुद्ध तीनदा लंकेला आले, ही पहिल्या परिच्छेदातील कथा श्रद्धेचा विषय आहे. सिंहाचा नातू विजय हा सातशे अनुयायांसह ‘लाळ’ देशातून हद्दपार होतो, आधी सुप्पारक बंदरात, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास उतरतो, अनुयायांच्या दांडगाईमुळे तेथून पुन्हा निघतो, आणि बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या नेमक्या दिवशी लंकेच्या किनाऱ्याला लागतो. हा ‘लाळ’ म्हणजे गुजरातेतला लाट की बंगालमधला राढ, हा वाद जुनाच आहे. विजयाच्या आगमनाने लंकेत मनुष्यवस्ती सुरू झाली, असा समज या कथेवरून होतो; पण उत्खनन तसे सांगत नाही. द्वीपाच्या गुहांतून सुमारे अठ्ठेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवाचे अवशेष मिळाले आहेत. अनुराधपुराच्या भूमीत लोहयुगीन वस्तीचे थर ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाच्या आसपास पोहोचतात, आणि ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे अशोकाच्याही आधीची, असल्याचे १९८० नंतरच्या उत्खननांवरून संशोधकांनी मांडले आहे. तात्पर्य, ‘महावंस’ खोटा नाही आणि तो सर्वस्वी खराही नाही. बखरींच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलेला आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून त्यांची चूक दाखवली. त्यानंतरही ‘भाऊसाहेबांची बखर’ आपण वाचतो. तिच्याकडे काय मागायचे आणि काय नाही, एवढे मात्र आपल्याला कळले आहे.

३

आता मुख्य कथेकडे वळू. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात चोल देशातून आलेल्या एळार राजाने अनुराधपुरावर चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. दक्षिणेतील रोहण प्रदेशाच्या काकवण्णतिस्स राजाचा मुलगा गामणि याने त्याला मारून द्वीप एकछत्राखाली आणले. ‘दीपवंसा’त गामणीच्या या विजयाला दोन-चार श्लोकच लाभले आहेत : दहा योद्धे, कंडुल हत्ती, बत्तीस राजांचा वध, चोवीस वर्षांचे राज्य, संपले. महानामाने त्याच गामणीला बाविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत अकरा परिच्छेद दिले. संपूर्ण ग्रंथाचा हा कणा होय.

या अकरा परिच्छेदांची वाटणी पाहण्यासारखी आहे. जन्म, योद्ध्यांची भरती आणि भावाशी झालेले युद्ध यांना पहिले तीन. एळाराशी झालेल्या युद्धाला अवघा एक, पंचविसावा. उरलेल्या सातांत मरिचवट्टी विहार, लोहप्रासाद आणि महास्तूप यांची उभारणी, आणि सरतेशेवटी राजाचा मृत्यू. ज्याला सर्वजण युद्धकाव्य समजतात, त्यात युद्धापेक्षा वास्तुनिर्मिती कितीतरी अधिक आहे. विटा कोणी भाजल्या, पाया कसा भरला, मजुरीवाचून कोणाकडूनही काम घ्यायचे नाही अशी आज्ञा राजाने कशी दिली, या वर्णनांत कवी रमतो. अनुराधपुरातील रुवन्वेलिसाय म्हणून प्रसिद्ध असलेला स्तूप तो हाच.

त्याहूनही लक्षणीय आहे ते शत्रूचे चित्र. गामणीच्या जन्माआधीच, एकविसाव्या परिच्छेदात, कवी एळाराची न्यायबुद्धी सांगून मोकळा होतो. त्याच्या शय्येच्या उशाशी एक घंटा टांगलेली असे. दाद मागणाऱ्याने बाहेरून दोरी ओढावी. राजपुत्राच्या रथाखाली वासरू चिरडून मेले तेव्हा गाईने ती दोरी ओढली, आणि राजाने आपल्या मुलाचा त्याच चाकाखाली शिरच्छेद करवला. हीच कथा तमिळ परंपरेत मनुनीति चोल राजाची म्हणून सांगतात. तेव्हा शत्रुपक्षाची गौरवकथाही महानामाने आपल्या ग्रंथात स्वीकारली, असे म्हणण्यास हरकत नाही. एळाराच्या रथाच्या जुवाने एका स्तूपाचे चुकून नुकसान झाले, तेव्हा त्याने आपले मस्तक पुढे केले. अखेर पंधरा दगड पुन्हा बसवण्यासाठी पंधरा हजार कहापण खर्च केले. हा राजा मिथ्यादृष्टी होता, एवढा एकच शेरा कवी मारतो. न्यायात मित्र आणि शत्रू यांना त्याने समान लेखले, हेही तोच सांगतो.

याउलट नायकाला ‘दुष्ट’ हे विशेषण कवीने जन्माचे चिकटवले आहे. युद्धास परवानगी न देणाऱ्या बापाकडे त्याने बायकांचे दागिने पाठवले, म्हणून तो दुट्ठगामणि. तमिळांशी लढणार नाही अशी शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा लहानग्या गामणीने हातातला घास टाकला आणि तो हातपाय आखडून अंथरुणावर पडला. आईने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, की नदीपलीकडे तमिळ आणि अलीकडे समुद्र. मग पाय पसरू कोठे? लंकेतील कित्येक पिढ्यांच्या मनावर हे चित्र कोरले गेले आहे. आपल्या देशाला जागा पुरत नाही, ही भावना एका मुलाच्या निजण्याच्या ढबीतून सांगणारा कवी सामान्य नव्हे. पण त्याच कवीने हेही नोंदवले आहे, की गामणीच्या दहा वीरांपैकी पहिला नंदिमित्त हा एळाराच्या मित्त नावाच्या सेनापतीचा भाचा होता. आणि गामणीने जिंकलेले तमिळ राजे एक नव्हे, बत्तीस होते. दोन वंश एकमेकांसमोर उभे ठाकले, असे सरळ चित्र त्याच्याच तपशिलांतून निघत नाही.

द्वंद्वात एळार पडला. गामणीने योजनभर परिसरातील लोक बोलावून त्याचे दहन करवले, त्या जागी चैत्य उभारला, आणि तेथून जाताना राजांनी वाद्ये बंद ठेवावीत असा प्रघात घालून दिला. हा प्रघात आपल्या काळापर्यंत चालू आहे, असे महानाम म्हणतो. १८१८च्या बंडानंतर इंग्रजांपासून पळणारा कँडीचा एक थकलेला सरदारही त्या स्थळाजवळ पालखीतून उतरून पायी चालला, असे सांगतात. ज्या टेकाडाला लोक एळाराची समाधी मानत, तो प्रत्यक्षात दक्षिण स्तूप होय, असा निष्कर्ष पुढे परणवितान यांनी काढला. स्थळाबद्दल मतभेद असला, तरी शत्रूच्या चितेपुढे स्वर खाली आणण्याची रीत दोन हजार वर्षे टिकल्याची आठवण तेवढीच मोलाची राहते.

४

आणि मग तो प्रसंग येतो. विजयी राजा प्रासादाच्या गच्चीवर बसला आहे; सुगंधी दीप तेवत आहेत, नर्तकी भोवती आहेत. पण आपण लक्षावधींचा संहार केला या आठवणीने त्याला आनंद वाटत नाही. पियंगुद्वीपावरील अर्हतांना हे कळते आणि त्यांच्यापैकी आठ जण आकाशमार्गाने येतात. राजा विचारतो, की माझ्यामुळे एवढी मोठी सेना मेली, मला स्वास्थ्य कसे मिळणार? ते सांगतात, की या कर्माने तुझ्या स्वर्गाच्या वाटेत अडथळा येणार नाही. तू दीडच माणूस मारलास. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही घेतले होते. बाकीचे मिथ्यादृष्टी, पशूंसारखे. राजाचे समाधान होते.

हा संवाद ‘दीपवंसा’त नाही. तेथे राजाला पश्चात्ताप होत नाही, म्हणून सांत्वनाचीही गरज पडत नाही. कित्येक टीकाकार फक्त दीड माणसाच्या उत्तरावर बोट ठेवून सबंध ग्रंथाला द्वेषाचा ग्रंथ ठरवतात. परंतु उत्तर ज्या कवीने लिहिले, त्यानेच प्रश्नही लिहिला, हे ते विसरतात. केवळ विजयगाथा लिहायची असती, तर दीप, नर्तकी आणि जयघोष यांवर परिच्छेद संपवता आला असता.

दुसरीकडे, या उत्तराला धर्मशास्त्राचा आधार आहे असे म्हणून त्याची बाजू घेणारेही आहेत. हिंसेचे पाप मारल्या गेलेल्याच्या गुणांवर अवलंबून कमी-अधिक होते, असे बुद्धघोषादी अट्ठकथाकार म्हणतात, हे खरे. पण गुणहीन माणसाला मारण्याचे पाप कमी असणे निराळे, आणि त्या माणसाची माणसांत गणतीच न करणे निराळे. अट्ठकथाकार पहिल्यापर्यंत जातात. अर्हत दुसऱ्यापर्यंत जातात. शिवाय, ज्या एळाराची न्यायबुद्धी कवीने चार परिच्छेदांपूर्वी गायिली आणि ज्याच्या चितेपुढे वाद्ये थांबवली, तो या हिशेबात कोठे बसतो? तो शरण गेला नव्हता, शील घेतले नव्हते. तेव्हा त्याची गणना पशूंत. ज्याने पशूच्या न्यायासाठी पोटचा मुलगा दिला, त्याला पशू म्हणणारे हे उत्तर त्याच ग्रंथातील कथेशी मेळ खात नाही.

विसंगती येथेच थांबत नाही. याच परिच्छेदाच्या अगदी शेवटी आणखी एक आठवण आहे. संघाला दिल्यावाचून काही खायचे नाही, असे गामणीला लहानपणी बजावलेले होते. तरी एकदा संघाची आठवण न ठेवता त्याने मिरीची एक शेंग खाल्ली होती. त्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून तो मरिचवट्टी स्तूप व विहार बांधतो, आणि पुढचा सबंध परिच्छेद त्याला वाहिलेला आहे. मिरीच्या एका शेंगेसाठी एक विहार, आणि लक्षावधी प्रेतांसाठी दीड माणूस. हे दोन हिशेब काही श्लोकांच्या अंतराने शेजारी येतात. ही विसंगती कवीने जाणूनबुजून साधली, असा माझा दावा नाही. महाविहाराच्या त्या भिक्षूला संघाचा हक्क खरोखरच सर्वांत मोठा वाटत असणार. पण वाचणाऱ्याला ते दोन आकडे शेजारी दिसल्यावाचून राहत नाहीत.

५

महानामाला असे उत्तर का लिहावेसे वाटले, याचा काही उलगडा त्याच्या काळावरून होतो. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन राजाने अभयगिरी पंथाचा पक्ष घेऊन महाविहाराची मोडतोड केली. नऊ वर्षे महाविहार ओस पडला होता. पाचव्या शतकात सहा तमिळ राजांनी एकामागून एक अनुराधपुरावर सत्ता गाजवली, आणि धातुसेनाने ती संपवली. ज्या संस्थेने आपला नाश जवळून पाहिला आणि ज्या पिढीने परसत्ता अनुभवली, तिला आपला राजा निष्पाप हवा होता. सातशे वर्षांपूर्वीच्या गामणीच्या तोंडी, आपला पराक्रम राज्यसुखासाठी नसून बुद्धशासनाच्या स्थापनेसाठी आहे, हे वाक्य याच गरजेतून आले असावे.

गामणीच्या काळाजवळची साक्ष काय सांगते? अनुराधपुरात ख्रिस्तपूर्व काळातील एक ब्राह्मी लेख आहे. ‘दमेड’ म्हणजे तमिळ गृहपतींनी मिळून केलेल्या एका ओट्याचा तो लेख. ओट्यावर कोणी कोठे बसायचे त्यांची नावे, आणि त्यांत एक तारवाचा नाविकही. शेजारी बसून गप्पा मारण्यासाठी जागा वाटून घेणारी ही माणसे कोणत्याच वंसग्रंथात नाहीत.

या संदर्भात अशोकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कारण लंकेत धर्म नेणारा महिंद हा वंसग्रंथांच्या मते त्याचाच पुत्र. कलिंगात एक लाख मारले गेले आणि दीड लाख पकडून नेले गेले, याचा खेद अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच्या तोंडाने प्रकट केला आहे. त्याला समजावण्यासाठी कोणी अर्हत आकाशातून आले नाहीत. त्याने आकडा कमी करून घेतला नाही, तो दगडावर कोरला. नवल असे, की ‘महावंसा’ला हा कलिंगाचा खेद ठाऊकच नाही, तेथील अशोक निग्रोध नावाच्या बालश्रामणेराला पाहून पालटतो. पश्चात्तापाचा मोठा आदर्श बापाच्या शिळेवर राहिला. मुलाने नेलेल्या परंपरेत तो पोहोचला नाही, आणि तेथल्या राजाच्या पश्चात्तापाला उत्तर शोधावे लागले.

हे सारे जुन्या पोथीपुरते राहिले असते, तर एवढ्या विस्ताराची गरज नव्हती. पण १९५६ मध्ये श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला, १९८३च्या जुलैत तमिळांवर भीषण अत्याचार झाले, आणि त्यानंतरचे यादवी युद्ध २००९च्या मे महिन्यात संपले. या साऱ्या काळात गामणि आणि एळार ही नावे व्यासपीठांवरून पुन्हा पुन्हा उच्चारली गेली. युद्धाची कारणे अनेक होती. एका काव्याच्या माथी ती मारणे अन्याय होईल. तथापि आखडून निजलेला मुलगा आणि दीड माणसाचा हिशेब एवढेच ग्रंथातून उचलले गेले. वाद्ये थांबवणारा राजा आणि विजयाचा आनंद न वाटणारा राजा मागे राहिले. दोष उचलणाऱ्यांचा आहे तसा शिकवणाऱ्यांचाही आहे. २०२३ मध्ये ‘महावंसा’च्या हस्तलिखिताला युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या सूचीत स्थान मिळाले. जगाच्या ठेव्यात गेलेला ग्रंथ जगाने पूर्ण वाचावा, अशी अपेक्षा करणे वावगे नव्हे.

६

बत्तिसाव्या परिच्छेदात गामणि मरणशय्येवर आहे. महास्तूप पुरा झालेला नाही. धाकटा भाऊ तिस्स, ज्याच्याशी तो एके काळी लढला होता, स्तूपावर बांबूंचे आच्छादन आणि पांढरे वस्त्र घालून तो पुरा झाल्यासारखा दाखवतो, आणि राजा पालखीतून ते पाहतो. त्याच्या पुण्यकर्मांची वही वाचली जाते. नव्याण्णव विहार, अगणित दाने. राजा म्हणतो, की ऐश्वर्यात दिलेल्या या दानांनी मला समाधान नाही. संकटात, जिवाची पर्वा न करता दिलेली दोनच दाने मला आठवतात. त्यांतले एक म्हणजे दुष्काळात कानातली कुंडले देऊन मिळवलेले कांगाचे अन्न, जे त्याने पाच थेरांना वाढले. जुना योद्धा थेरपुत्ताभय भिक्षू होऊन भेटायला येतो, तेव्हा राजा म्हणतो, की पूर्वी तुम्हा दहांसह लढलो, आता मृत्यूशी एकट्यानेच लढणे आहे.

वहीतले मोठे आकडे बाजूला सारून हा राजा एका थाळीभर अन्नाची आठवण काढतो. संख्येचा हिशेब समाधान देत नाही, हे मरताना त्याला उमगले आहे, आणि हे त्याच कवीने लिहिले आहे. दीड माणसाच्या उत्तराला ग्रंथातच उत्तर असेल, तर ते हेच होय. कवी त्या उत्तराशी सहमत होता, यात मला शंका नाही; त्याला आजच्या अर्थाने उदारमतवादी ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. पण आपल्या मताच्या बाजूने लिहीत असताना माणसाचे मन जसे आहे तसे त्याच्या लेखणीतून उतरले. म्हणून वर्गात हा ग्रंथ शिकवताना अर्हतांच्या उत्तराशी थांबू नये. राजाचा प्रश्न, एळाराची घंटा, मिरीची शेंग आणि कांगाची थाळी ही सारी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि हिशेब त्यांना करू द्यावा.